दहाचा पट

१० जून
शाळा सुरू होऊन आठवडा झाला. पट बारा. पहिलीत दोन, दुसरीत तीन, तिसरीत चार, चौथीत तीन. चार वर्ग एका खोलीत आणि चारही वर्गांना बाई एक, ती मी. चोवीस वर्षं नोकरी झाली, त्यातली एकोणीस ह्याच खोलीत गेली.

आज कार्यालयातून पत्र आलं. पुढल्या वर्षी पंधरा जूनला पट दहाच्या खाली असेल तर शाळा खालच्या गावातल्या शाळेत विलीन. विलीन म्हणे! कुलूप लावणार असं लिहायला ह्यांना लाज वाटते. खालची शाळा तीन किलोमीटर, मधे सगळा चढ-उतार. सहा वर्षांचं पोर तिथे कसं जाणार, हे पत्रात नाही.

रोज पावणेआठला माझ्याच दारासमोर बालरथ थांबते, बाजारातल्या इंग्रजी शाळेची पिवळी बस. आमच्या वाड्यावरची चौदा मुलं तीत चढतात. चढताना मला ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात. मीही म्हणते. काय करणार?

संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “तू कित्याक मोजतंस? मोजून वाढतलीं काय?” जन्मभर खाणीच्या वजनकाट्यावर बसून ट्रक मोजले ह्यांनी. खाण बंद पडली तरी सवय गेली नाही, अजून रस्त्यावरून ट्रक गेला की मान वळते. आणि मला सांगतात मोजू नको.

२५ जून
पालकसभा. बारा मुलांचे मिळून चार पालक. त्यातला प्रशांत दोडामार्गचा, ट्रकवर ड्रायव्हर, इथे भाड्याने राहतो. दुसरीतल्या साईशचा बाप. तो म्हणाला, “बाई, हांगा इंग्लिश शिकयतत मगे? लोक म्हणतत शिकयनत.”

पहिलीपासून शिकवते मी! पण सांगून कोण ऐकतं? मराठी शाळेतलं इंग्रजी म्हणजे ह्यांना शिळा पाव वाटतो.

घरी येऊन रागारागाने दोरीवरचे कपडे काढत होते. चिमटा काढला की कपडा हातात, चिमटा लावला की कपडा दोरीला. तिथेच सुचलं. इंग्रजी शब्दांच्या शेवटी जे तुकडे लागतात, ते मुलांना पुस्तकातून कधीच कळत नाहीत. ‘ईआर’, ‘फुल’, ‘लेस’, ‘नेस’. ते चिमट्यांवर लिहायचे आणि शब्द पुठ्ठ्यावर. हव्या त्या शब्दाला हवा तो चिमटा लावा. म्हापशाच्या बाजारातून चार डझन लाकडी चिमटे आणवले. तेजस्विनीची अर्धवट वाळलेली नेलपॉलिश कपाटात पडली होती, तिने अक्षरं रंगवली. लेक बंगळूरला, तिला कुठे आठवतेय आता ती नेलपॉलिश.

३ जुलै
खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधली. ‘ड्राइव्ह’ला चिमटा लावला तसा साईश ओरडला, “ड्रायव्हर! माझो बापूस!” मग पेंटर झाला, फार्मर झाला, सिंगर झाला. चौथीची मुलं पहिलीच्यांना शिकवायला लागली. मला बोलावंच लागलं नाही.

दुसरीतला सुदेश बाकावर उभा राहून म्हणाला, “बाई, पोदेर पण! मगे ‘पोद’ म्हणजे काय, पाव भाजणां?” सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत येणारा पाववाला पोदेरसुद्धा इंग्रजीत घातला पठ्ठ्याने! किती दिवसांनी वर्गात एवढी हसले. तिसरीतली गौरवी तेवढी हसली नाही. ती पुढे येऊन पुठ्ठ्यावर ‘पोदेर’ लिहून त्यातला शेवटचा तुकडा झाकून बघत राहिली. मग म्हणाली, “बाई, ह्याचो चिमटो निघणा. तो आंगाकच चिकटलो आसा.”

आठ वर्षांची पोर. मी डीएड केलं तेव्हा मला हे सुचलं नसतं.

११ ऑगस्ट
गौरवीने घरून एकतीस शब्द लिहून आणले. बाप गणेश मोपाच्या विमानतळावर सामान उचलायच्या कामावर आहे, तो तिथल्या पाट्यांवरचे शब्द हातावर लिहून आणतो आणि ही पोर त्यांना चिमटे लावत बसते. ‘केअरफुल’, ‘केअरलेस’, ‘युजफुल’, ‘वायरलेस’. चूक म्हणाल तर दोन. ‘रेनलेस’ पुस्तकात नाही असं सांगितलं तर विचारते, “कित्याक होयना? मे महिन्यांत आसता मगे.” म्हटलं, इंग्रजांकडे बारा महिने पाऊस, त्यांना गरज पडली नाही.

९ ऑक्टोबर
शाळेत सरस्वती पूजन झालं. आमच्याकडे ह्या एका दिवशी सगळा वाडा शाळेत येतो. ज्यांची मुलं बालरथने जातात तेही येतात, नारळ ठेवतात, चण्यांचा प्रसाद खातात. सरस्वती मराठी शाळेत आणि पोरं इंग्रजी शाळेत.

पालक संघाचे अध्यक्ष गोकुळदास. गावातलं दुकान त्यांचंच. मायबोलीवर वीस मिनिटं बोलले. आईचं दूध काय, मातीचा वास काय. नातू पहिल्या रांगेत टाय लावून आजोबांच्या मोबाइलवर इंग्रजी कार्टून बघत होता. कुंपणच शेत खातं, आणि वर शेतावर भाषण करतं.

मग मी दोरी बांधली. म्हटलं, पालकांनी शब्द द्यावा, मुलं चिमटे लावतील. कुणी बोलेना. शेवटी मागून गणेश बोलला, ड्युटीवरून तसाच आला होता, अंगात विमानतळाचा निळा शर्ट. म्हणाला, “हेल्प. माका थंय हेल्पर म्हणतत.”

गौरवी पुढे आली. हेल्पर केलं. चिमटा काढून हेल्पफुल केलं. हेल्पलेस केलं. मग एकाच शब्दाला दोन चिमटे लावून ‘हेल्पफुलनेस’ असं मोठ्याने वाचून मराठीत अर्थ सांगितला. सगळ्या मंडपात टाळ्या. टायवाला नातूदेखील मोबाइल सोडून बघत होता. गणेशने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

आता कुणी म्हणून दाखवावं, मराठी शाळेत इंग्रजी येत नाही!

११ ऑक्टोबर
गौरवीची आई सुविधा वाटेत भेटली. मुद्दाम थांबली. “बाई, आमच्या गौरवीचां इंग्लिश आता खंयच्याय शाळेत चलात मगे?” मी म्हटलं, “चलात काय, धावात!” खूष झाली. घरच्या दोन काकड्या दिल्या. असे पालक असले तर शाळेला मरण नाही.

२२ जानेवारी
तीन महिने लिहिलं नाही. लिहायला वेळ कुठे? भागशिक्षणाधिकारी येऊन गेले, चिमट्यांचा व्हिडिओ काढून गेले. तालुक्यातल्या शिक्षकांपुढे दाखवा म्हणाले. पटाचं विचारलं तर चहा गोड आहे म्हणाले.

गौरवी हल्ली दारात थांबून ‘मे आय कम इन’ विचारते. मी शिकवलं नाही. घरी आई सराव करून घेते म्हणे. सुविधाने जन्मदाखल्याच्या झेरॉक्सवर माझी सही नेली, तीन प्रतींवर. बँकेत खातं उघडायचं असेल. एवढ्या कमी पगारात मुलीच्या नावाने पैसे टाकतात, कौतुक आहे.

५ एप्रिल
चौथीचे तिघे गेले. पट नऊ. पहिलीला एक मूल मिळालं तर दहा. एक मूल, बस्स.

६ मे
उन्हात पंधरा घरं फिरले. वाड्यावाड्यावर मूल मागत फिरायचं हे आम्हां मराठी शाळेच्या शिक्षकांचं मे महिन्यातलं व्रत. पाणी देतात, आंबे देतात, मूल देत नाहीत. “बाई, पुढच्या वर्साक बघूया.” पुढच्या वर्षी कशाला, माझ्या तेराव्याला या!

शेवटी काजूच्या बागेत कामाला आलेल्या एका कुटुंबाची सिद्धी मिळाली. सहा वर्षं पूर्ण. तिच्या बापाचा हात धरून मी फॉर्मवर अंगठा घेतला. पट दहा झाला.

सिद्धीचं घर सुविधाच्या शेजारी. सुविधाच्या दोरीवर चौकड्यांचा नवा पिनाफोर वाळत होता, इंग्रजी शाळेचा. बहिणीची मुलगी सुट्टीला आली असेल. सुविधा दारात दिसली, पण मला बघून आत गेली. जेवण करपत असेल.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, दहा झाले! त्यांनी नुसतं “बरां” म्हटलं. माणसाने एकदा तरी हसावं.

२ जून
सुविधा सकाळी घरी आली. हातात डबा, त्यात शिरवळ्या, तांदळाच्या शेवया, नारळाचा गोड रस वेगळा. मी ओळखायला हवं होतं. डबा घेऊन आलेली माणसं काहीतरी न्यायला येतात.

“बाई, गौरवीचो दाखलो होयो.”

इंग्रजी शाळेत चौथीची एक मुलगी गेली म्हणून एक जागा झाली. पंचवीस मुलं मुलाखतीला बसली होती, जागा गौरवीला मिळाली. “मॅडमीन एकेक शब्द सांगल्यान आणि ही धडाधड फुडचां सांगत गेली. मॅडम विचारूक लागली, खंय शिकलां ह्यां? मी सांगलंय, आमच्या बाईंकडे.” हे सांगताना तिचे डोळे भरून आले. माझेही आले, पण ते कशाने ते मला ठाऊक नाही.

म्हटलं, चौथी इथेच कर, पाचवीला जा. तर म्हणाली, “पाचवेक जागो नसता बाई. ह्यो एकच मेळ्ळो. धा तारखेक दाखलो दिवक होयो, ना तर दुसऱ्याक दितले.”

म्हटलं, ती गेली तर पट नऊ होतो. शाळा जाते. सिद्धी, सुदेश, साईश, ह्या सगळ्यांनी तीन किलोमीटर चालायचं का?

सुविधाने डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग अगदी हळू विचारलं, टोमणा नव्हता त्यात. “बाई, तुमची तेजस्विनी खंय शिकली?”

तेजस्विनीची गोष्ट वेगळी होती. तेव्हा पट चाळीस होता. चाळिसातून एक गेली तर काय बिघडतं? आणि मी म्हापशाच्या इंग्रजी शाळेत तिला घातली ती ह्यांच्या आग्रहावरून. निदान ह्यांनी नको म्हटलं नव्हतं. सुविधाला ह्यातलं काहीच सांगितलं नाही.

म्हटलं, दाखल्याला शिक्का लागतो. शाळेच्या कपाटात शोधावा लागेल. कपाटात तो नाही हे मला माहीत होतं. मे महिन्यात शाळेत घुशी होतात, कागद कुरतडतात, म्हणून मी शिक्का घरी आणून ठेवला होता. सुरक्षित. शोधते म्हटलं, एवढंच.

शिरवळ्या चांगल्या झाल्या होत्या.

५ जून
शाळा उघडली. दहाही हजर. सुविधा दुपारी आली. मी तिच्यासमोर कपाट उपसलं, हजेऱ्या, चिक्की, फाटके नकाशे, सगळं. तीही शोधायला बसली. “मेळतलो बाई, धीर धरात,” असं मलाच म्हणाली.

नवा शिक्का कार्यालयातून मागवायचा तर अर्ज लागतो. अर्ज केला का, तिने विचारलं. केला म्हटलं. उद्या करीनही.

७ जून
रात्रभर झोप नाही. पण मी काय वाईट करतेय? दहा मुलांची शाळा एका मुलीसाठी बुडवायची का? गौरवी हुशार आहे, ती कुठेही शिकेल. मी तिला स्वतंत्र शिकवीन, रोज एक तास जास्त. त्या मॅडमपेक्षा चांगलं शिकवीन. त्या शाळेत पन्नास मुलांत तिला कोण विचारणार? एका वर्षाचा तर प्रश्न आहे.

ह्यांनी टेबलावरची माझी पर्स हलवली, आतून शिक्का खाली पडला. उचलून बघितला. “शाळेचो शिक्को हांगा कित्याक?”

सांगितलं, घुशी.

“आणि सुविधा दोन दीस सोदता काय?”

मी ताटं मांडायला उठले. ह्यांनी शिक्का पुसून पर्समध्ये परत ठेवला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. रस्त्यावरून ट्रक गेला तरी मान वळली नाही. तब्येत बरी नसावी.

१० जून
सुविधा सकाळी आली, दुपारी आली. दुपारी गणेशही आला, अर्धी रजा टाकून. इंग्रजी शाळेत चार वाजेपर्यंत घेणार होते. गणेश म्हणाला, “बाई, निसत्या सहीर दिया. मी त्यांच्या पायां पडतंय.” सही करून दिला, पण शिक्का नसलेला दाखला इंग्रजी शाळेने घेतला नाही. उद्या आणतो म्हणाला, तर ‘यादी लागली’ म्हणाले.

वर्गात गौरवीला ‘नेस’चे शब्द करायला दिले होते. दहा करायचे होते. तिने एकही केला नाही. पाटीवर पेन्सिल टेकवून बसून राहिली. मी रागावले नाही.

पट दहा.

१३ जून
लिहायलासुद्धा हात वर येत नाही.

सकाळी आठ वाजता प्रशांतचा ट्रक शाळेसमोर उभा, मागे सामान. कपाट, गादी, गॅस, वर बांधलेली सायकल. इथलं काम संपलं, दोडामार्गला परत जातोय. साईशचा दाखला हवा. मी म्हटलं, दोन दिवस थांब, पंधरा तारीख होऊ दे. म्हणाला, “बाई, घरभाडां काल संपलां. दाखलो नसलो तरी चलता. थंयचो गुरुजी आमच्याच घरातलो, मागीर घेतंय म्हणालो.”

म्हणजे दाखला अडवून काही उपयोग नाही. एकाला तो नसला तरी चालतो, आणि एकीची जागा त्याच्यावाचून जाते.

पर्समधून शिक्का काढला. साईशच्या दाखल्यावर मारला. प्रशांतने तो घडी करून खिशात ठेवला आणि “बरां जालां, मेळलो शिक्को,” म्हणाला. सगळ्या वाड्याला ठाऊक होतं की शिक्का हरवलाय. साईशने ट्रकमधून हात हलवला.

पट नऊ. पंधराला हाच कळवायचा.

१९ जून
आदेश आला. मुलं खालच्या शाळेत, मी डिचोली तालुक्यात, मये गावच्या एका शाळेत. साहेबांचा फोनही आला, चिमट्यांचं प्रात्यक्षिक आता त्या तालुक्यात करा म्हणाले. करीन. नोकरी आहे.

सिद्धीच्या बापाने मुलगीच परत नेली. एवढं चालायचं तर काजूच्या बागेत राहू दे म्हणाला.

२३ जून
उरलेल्या आठांचे दाखले लिहिले. ‘शाळा सोडण्याचे कारण’ ह्या रकान्यात आठ वेळा एकच लिहिलं, शाळा विलीन. पालक येऊन घेऊन गेले. गोकुळदास कुणाचे पालक नव्हते तरी आले आणि फार वाईट झालं म्हणून बसून राहिले. त्यांना चहा दिला नाही.

सुविधा शेवटी आली. आत आली नाही, पायरीवरच उभी. गौरवी तिच्या मागे.

“बाई, दादांनी सांगलां माका. शिक्को तुमच्या घरात होतो.”

ह्यांनी सांगितलं! सोळा दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत, आणि तिच्याशी बोलले. मला इतका राग आला की कान तापले. मी म्हटलं, “मी शाळेसाठी केलं. माझ्यासाठी नाही केलं. माझा पगार कुठेही चालूच आहे.”

“खरां आसा,” सुविधा म्हणाली. आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. “तुमका धा होतीं, बाई. माका एकच.”

मी दाखल्यावर शिक्का मारला. शिक्का वाकडा बसला. दुसरा लिहून देते म्हटलं. “नाका,” म्हणाली, “आता वाकडो चलता.” कागद घडी न करता, शाई पुसू नये म्हणून हवेत धरून खाली उतरली.

गौरवी मागे राहिली. कुणी शिकवलेलं असावं, नव्या शाळेसाठी घरी घोटून घेतलेलं. तीन वर्षं ती मला बाई म्हणत होती. दोन्ही पाय जुळवून, हात मागे बांधून, स्पष्ट उच्चारात म्हणाली, “थँक यू, टीचर.”

मग आईच्या मागे धावत गेली.